दोन प्रतींत लिहून दिलेलं अज्ञान

"हात मागे घ्या, दादा. आणि पिवळ्या रेघेच्या बाहेर उभे राहा."

घेतले. राहिलो. वय चौतीस, आयटीआय फिटर, चाकणच्या कंपनीत मेंटेनन्सला सहा वर्षं, कंत्राटी. आणि उभा कसा, तर खडू चोरताना सापडलेल्या पोरासारखा.

समोर आमचं परदेशी वेल्डिंग मशीन. त्याचं पॅनल, म्हणजे विजेच्या जोडण्यांचं कपाट, उघडं. आत डोकं घालून मशीन विकणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर, वार्षिक तपासणीला आलेला. तोही परदेशी असता तर बरं वाटलं असतं. हा पुण्यातल्या वाकडचा. मध्येच वळून म्हणाला, "इकडे बघू नका. भिंतीकडे बघा."

भिंतीवर सुरक्षिततेचं पोस्टर होतं. पाऊण तास मी हेल्मेटवाल्या माणसाकडे बघत राहिलो. तो हसत होता.

आता गुन्हा सांगतो. गुन्हा खंडेनवमीचा.

दरवर्षी आम्ही मशीन पुसून पूजा करतो. हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. उत्साह सगळा माझा. अख्खं मशीन करडं, पांढरी जागा एकच. पॅनलच्या दारावरचं सील. हे निघालं तर करार मोडला, असं त्यावर लिहिलेलं. मी बरोबर त्यावरच ठसठशीत टिळा लावला. दुसऱ्या दिवशी कुंकू पुसायला थिनर घेतलं. कुंकू निघालं. सीलही निघालं. घाबरून परत चिकटवलं.

उलटं.

इंजिनिअरनं फोटो काढले. मेल गेला की आत बघून नक्कल करण्याचा प्रयत्न झाला. नक्कल! तळवड्याच्या माझ्या एका खोलीच्या घरात मिक्सर उघडला तर बायकोला बसायला जागा उरत नाही. तिथं मी हे मशीन बनवणार होतो म्हणे.

दुपारी आमच्या प्लांट मॅनेजरनी, म्हणजे साहेबांनी, मीटिंगच्या खोलीत बोलावलं. कागद दिला. "लिही, मी सांगतो. मार्चमध्ये तुझं पर्मनंटचं बघायचंय ना?"

लिहिलं. "या यंत्राच्या आतील रचनेचे मला कोणतेही ज्ञान नाही. ते मिळवण्याचा प्रयत्न मी यापुढे करणार नाही."

"अक्षर छान आहे रे," साहेब म्हणाले. "अजून एक प्रत काढ."

काढली. काही वाटलं नाही. समोरच्या चहावर साय धरत होती, ती बघत होतो. सही केली. सहीखाली रेघ मारली, सवयीनं. घरी गेलो, जेवलो, झोपलो.

आमच्या आज्याला गावात शाळेच्या ओट्यावर चढू देत नव्हते. पण त्याच्याकडून कुणी लिहून घेतलं नव्हतं. तेव्हा बंदी तोंडी होती. नातवापर्यंत प्रगती झाली. हे मला सुचलं फार उशिरा. तेव्हा सुचत काहीच नव्हतं.

मशीन चालवणारा नाना इथलाच. कंपनीखालची जमीन एके काळी त्याच्या घरची. कागदाचं त्याला कळलं होतं. चहाला म्हणाला, "काय रं, चहा गोड हाय का? का त्याचंबी ज्ञान न्हाई तुला?" सगळे हसले. मीही हसलो. सगळ्यात मोठ्यानं.

पुढं पॅनलचा पंखा शिट्टी मारायला लागला. बेअरिंग जाणार होतं. मला रोज ऐकू येत होतं. सांगितलं नाही. ज्ञान नसलेल्या माणसाला शिट्टी कशी ऐकू येईल?

फेब्रुवारीत मशीन तापून बंद पडलं. वाकडचा इंजिनिअर परदेशी गेलेला, नऊ दिवसांनी येणार. तोवर कुणी हात लावायचा नाही, करार आहे. लाइनवरच्या कंत्राटी पोरांना काम नाही म्हणून गेटवरूनच परत पाठवलं.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत साहेब आले. खांद्यावर हात. "भावा, तुला कळलंय ना काय झालंय?"

"पंखा. जाळी भरलीय, बेअरिंग गेलंय. अर्ध्या तासाचं काम."

तोंडातून निघून गेलं. आणि सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. विचारलं म्हणून. शेपूट असतं तर हललं असतं. स्क्रूड्रायव्हर हातात आलासुद्धा.

"कॅमेरा दुसरीकडे फिरवलाय," साहेब हळूच म्हणाले. "सील परत लावू. या वेळी सरळ लाव म्हणजे झालं. आणि उद्या कुणी विचारलं, तर मला काही माहीत नव्हतं. काय?"

एक स्क्रू निघाला होता. दुसरा अर्धा.

तो अर्धा मी परत आवळला. पहिलाही लावला.

"साहेब, आधी तो कागद द्या. दोन्ही प्रती. आणि एक कागद तुम्ही लिहा. याला येतं, म्हणून मीच उघडायला सांगितलं, असं. मग उघडतो. कॅमेऱ्यासमोर."

"वेडा आहेस का? करार आहे."

नाना मागे उभा होता. "उघड की राव, पोरं घरी बसलीत." या वेळी टोमणा नव्हता.

"नाना, मला चोर म्हणाले तेव्हा मी उघडलं नव्हतं. आता चोरून उघडलं तर ते खरं होईल."

पिवळ्या रेघेबाहेर जाऊन उभा राहिलो. हात मागे घेतले. या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. बघत मात्र मशीनकडे होतो.

मशीन आणखी सहा दिवस बंद राहिलं. पोरांचे तेवढे खाडे झाले, त्यात माझाही वाटा आहे, नाकारत नाही. इंजिनिअर आला, पंखा बदलला. वीस मिनिटं. माझ्यापेक्षा दहा कमी, मान्य. मार्चमध्ये पर्मनंट तर राहिलंच, कंत्राटही संपलं.

आता एका शेडमध्ये जुनी मशीनं दुरुस्त करतो. घरी वही आहे. कुठला आवाज आला तर काय बिघडलंय, काय आधी उघडायचं, कशाला हात लावायचा नाही, सगळं मराठीत, चित्रं काढून. मागेल त्याला पानांचे फोटो काढू देतो. नाना दोनदा येऊन गेला.

पहिल्या पानावर एकच ओळ आहे. मला येतं. खाली सही, रेघ मारून. कुणी कुठलाही कागद पुढं करू दे, याच्या उलट मी पुन्हा लिहिणार नाही.

एका प्रतीतही नाही.