फुग्याच्या अंगावरचे ठिपके

नाथाजी सुभेदार माशाची हजेरी घ्यायचे. सकाळी अंघोळ झाली की बैठकीतल्या काचेच्या पेटीसमोर उभं राहायचं, मासा दिसला की मान हलवायची आणि चहाला बसायचं. उभी उमर पलटणीत काढलेल्या माणसाची मायासुद्धा कवायतीतलीच. हजर आहे ना, मग झालं. त्या दिवशी मात्र मासा हजेरीला आला नाही. तळाच्या वाळूवर तो कुशीवर पडला होता आणि गोगलगाईचं एक पिल्लू निवांत त्याच्या पोटावरून चाललं होतं.

मासा कसला, करंगळीच्या पेराएवढा जीव. गोड्या पाण्यातला पफर, डिवचलं की पोट फुगवणारा. त्याचे दोन डोळे दोन दिशांना फिरायचे; एक तुमच्यावर, तर दुसरा भलतीकडंच. फौजेतला पोरगा जयराज शेवटच्या रजेवर आला तेव्हा त्यानं तो सांगलीहून आणला, नाव ठेवलं फुग्या, आणि जाताना आईला म्हणाला, "मी येस्तोवर ह्याला जप." तो गेला, आणि तिकडं वर डोंगरात बर्फाचा कडा कोसळला. बरोबरचे सापडले. जयराज सापडला नाही.

त्याला आता सहा वर्षं होत आली. पोराचं क्रियाकर्म उरकून घ्या, असं भावकीतल्या शहाण्यांनी सुचवून पाहिलं. सुभेदारांच्या बायकोनं, बनुबाईंनी, एकच उत्तर दिलं होतं, "फुग्या हाय तवर माझा जयराज हाय." त्यावर बोलायची कुणाची छाती झाली नाही. त्याच सुमारास त्यांनी गळ्यातली तुळशीची माळ काढून खुंटीला अडकवली. पोरापायी बाई देवावर रुसली, असं सुभेदारांनी समजून घेतलं आणि कधी विचारलं नाही. रोज दिवेलागणीला बनुबाई मागचं दार लावायच्या, लक्ष्मी यायची वेळ म्हणून पुढचं उघडायच्या, आणि फुग्या नेमका तेव्हाच दाराकडच्या कोपऱ्यात येऊन थांबायचा. आल्यागेल्याच्या अंगावर काटा यायचा.

आणि आता फुग्या मेला होता. बनुबाई भाचीच्या लग्नाला आटपाडीला गेल्या होत्या, उद्या परतायच्या होत्या. ही बाई हा धक्का पचवणार नाही, अंथरूण धरील, हे सुभेदारांना पक्कं ठाऊक होतं. ओल्या रुमालात मासा गुंडाळून त्यांनी कराडला सांगलीची गाडी पकडली.

सांगलीतल्या माशांच्या दुकानात स्वानंदी नावाची मुलगी मालकीण होती. तिनं रुमाल उलगडला, मासा बोटावर घेऊन उजेडाकडं धरला.

"अगदी असाच पायजे," सुभेदार म्हणाले. "घरच्यांना वळकू येता कामा न्हाई."

"मग नीट बघूनच देते, काका. ह्यांच्यात दोन जाती आहेत आणि माल येतो तो मिसळून. एक केरळाकडचा, त्याच्या कुशीवर मोठे काळे गोल ठिपके असतात. दुसरा कर्नाटकाच्या बाजूचा. त्याचं शास्त्रातलं नावच नकल्या अशा अर्थाचं आहे. ह्यातला नर जवळजवळ कोरा पिवळा, मादीवर नुसते बारीक शिंतोडे. तुमचा हा नकल्या आहे. मादी आहे, असं दिसतं." मग तिनं सहज विचारलं, "किती वर्षं होता?"

"सहा हुतील."

"इतका जगत नाही हो हा मासा. असेल एखादा," स्वानंदी म्हणाली, आणि शिंतोडेवाली एक मादी पिशवीत भरून दिली.

रात्री घरी येऊन सुभेदारांनी मासा पेटीत सोडला. तो तडक दगडाआड जाऊन बसला. हुश्श करून त्यांनी मान वर केली, तर समोर भिंतीवर जयराजचा फोटो. हाराशिवायचा, कारण बनुबाई हार घालू देत नसत. फोटोत जयराज हसत होता आणि हातातल्या पाण्याच्या पिशवीत फुग्या होता. सुभेदार चष्मा लावून जवळ गेले. कुशीवर ठिपके होते. मोठे, काळे, गोल.

फोटोतला फुग्या वेगळा, मेलेला फुग्या वेगळा. मग इतकी वर्षं ह्या पेटीत दाराकडं बघत कोण होतं? घरात तिसरं माणूस नव्हतं. त्या रात्री त्यांनी पेटीवर टॉवेल टाकला आणि सुभेदार असूनही दिवा चालू ठेवून झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बनुबाई आल्या. बोचकं खाली ठेवून त्या पेटीसमोर वाकल्या.

"कवा मेला?" त्यांनी शांतपणे विचारलं.

सुभेदारांनी फोटोकडं नुसतं बोट केलं.

"व्हय. त्यो कवाच गेला," बनुबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या. "जयराज गेला त्याच श्रावणात. ह्येला जित्या गोगलगाई लागत्यात. आन् आपन माळकरी, त्यात श्रावण. म्हनलं, माझ्या घरात हाय तर ह्येनं बी म्हैनाभर पाळावा. कणकेच्या गोळ्या टाकल्या. शिवला न्हाई त्यास्नी. उपाशी मेला. आन् चार दिसांनी तुमाला पलटणीतनं त्यो फोन आला."

"बने."

"देवावर रुसून माळ काढली न्हाई मी. भाच्याकडनं दुसरा मासा मागवला आन् पाटाच्या कडंला गोगलगाई येचाया लागले. माळ घालून जीव कसा मारायचा? त्यो बी मेला, मग आत्ता मेला त्यो आनला. तुमाला कळंल म्हनून भ्या वाटायचं. तुमी त्याच्याकडं बघितल्याबिगार चा घेत न्हाई."

सुभेदारांच्या डोळ्यांत पाणी आलं. पोर गेल्याचं दुःख दोघांनी एकमेकांपासून लपवून काढलं होतं. मग ते म्हणाले, "तुला समदं ठाव हाय, तर पोराचं करून का घेऊ देत न्हाईस?"

"दिवा लावायची येळ झाली," बनुबाई उठल्या. "तुमी बसा हितं. आन् बघा."

नवा मासा कालपासून दगडाआडून हलला नव्हता. त्याला अजून कुणी खायला घातलं नव्हतं. हे घर, हे दार त्याला बापजन्मी ठाऊक नव्हतं. बनुबाईंनी मागचं दार लावलं, पुढचं उघडलं, देवापुढं दिवा लावला.

मासा दगडाआडून निघाला. हळूहळू वर आला, दाराकडच्या कोपऱ्यात गेला आणि तिथंच थांबला. त्याचा एक डोळा फिरून बनुबाईंवर आला. दुसरा दारावर होता.

"परत्येक येळी म्हनते, ह्यो काय वळखनार. आन् परत्येक नवा पयल्याच सांजंला आसा हुबा ऱ्हातो," त्या म्हणाल्या. "मग मी कसं करू सांगा."

उजेड आला म्हणून असेल, वारं आलं म्हणून असेल. सुभेदारांनी मनाला समजावून पाहिलं. मन ऐकेना. त्यांना भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा जास्त आशा वाटत होती, आणि त्या आशेचीच जास्त भीती वाटत होती.

जेवणवेळेला ते नेहमीप्रमाणं पुढच्या दाराला कडी घालायला उठले. कडीला हात घालून त्यांनी मागं वळून पाहिलं. मासा कोपऱ्यातच होता. आता त्याचे दोन्ही डोळे दाराकडं लागले होते.

सुभेदारांनी कडी सोडली. "आज ऱ्हाऊ दे उघडं," ते म्हणाले, आणि येऊन ताटावर बसले.