सोबत आलेल्या माणसाची खुर्ची

मॉरा सिस्टरचा आयसीयूतून फोन आला तेव्हा मी घरी चहाचे कप काढत होते. “इव्होनी गेली,” एवढंच ती म्हणाली. मी कप ओट्यावर असा आपटला की नुसता कान हातात राहिला. सहा आठवडे झाले, राग काही उतरत नाही.

इव्होनी ब्राझीलची, इथे आयर्लंडमध्ये मशरूमच्या शेडमध्ये खुडणीला. तीन वर्षांपूर्वी आमच्या इमर्जन्सीत आली ती तीन बोटं चेचलेला हात घेऊन. सोबत तिला कामाला आणणारा एजंट. तिला इंग्रजी येत नव्हतं, त्याला अस्खलित येत होतं. “कुणी मारलं का, विचारा,” मी म्हटलं... त्यालाच! ती रडत बरंच काही बोलली. तो म्हणाला, “दारात बोटं सापडली म्हणते. शी इज ग्रँड, डॉक्टर, ठीक आहे ती.” मी त्याचे आभार मानले. मराठवाड्यात इंटर्नशिप करताना ऊसतोडीच्या बायकांबरोबर आलेल्या मुकादमाला मी आधी खोलीबाहेर हाकलायची. इथला मुकादम मला ओळखू आला नाही, कारण तो इस्त्रीच्या शर्टात होता आणि इंग्रजी बोलत होता. याची मला अजून लाज वाटते.

काही महिन्यांनी ती एकटी आली, शिकलेलं मोडकंतोडकं इंग्रजी घेऊन. “त्या दिवशी मी सांगितलं होतं. पासपोर्ट परत मागितला म्हणून त्यानेच हातोडीने बोटं ठेचली. आणि तू त्याला थँक यू म्हणालीस.”

मग रविवारी ती घरी येऊ लागली. तिचे वडीलही तिकडे उसाच्याच मळ्यात. तिथे मुकादमाला बोका म्हणतात. मळ्यातून पळणाऱ्यांच्या मागे बंदूकवाले सोडायचे. नऊ वर्षांच्या इव्होनीसमोर वडील पाठीत गोळी लागून पडले. “मी इथे उतरले, तर बोका आधीच येऊन बसलेला,” ती हसत सांगायची. मला हसू यायचं नाही. जखमी कामगारांसोबत आता दुभाषी म्हणून तीच यायची, आणि एजंटाविरुद्ध साक्ष द्यायलाही तयार झाली होती.

साक्षीच्या आदल्या आठवड्यात, भर दुपारी बसस्टॉपवर, दोघांनी तिला लोखंडी सळईने मारलं. डोकं फुटलं, बरगड्या मोडल्या. स्ट्रेचरबरोबर एकजण आत घुसला. “मी भाऊ. काय झालं ते मी सांगतो.” इव्होनीला भाऊ नव्हता. “बाहेर व्हा,” मी म्हटलं. “युअर मॅन हलत नाहीये, डॉक्टर!” मॉरा ओरडली. इथे कुणाही माणसाला ‘युअर मॅन’च म्हणतात. त्याने मला भिंतीवर ढकललं. मी हाताला लागलेला स्टीलचा ट्रे त्याच्या तोंडावर हाणला, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. सिक्युरिटीने त्याला फरफटत नेलं. रक्ताने भरलेल्या तोंडाने इव्होनीने एजंटाचं नाव घेतलं, दोनदा. “लिही,” म्हणाली. मी तिच्याच शब्दांत लिहिलं, मॉराने खाली सही केली. तीन दिवसांनी ती गेली. एजंट आता कोठडीत आहे.

आमच्या तपासणीच्या खोलीत पेशंटच्या उशाशी एक निळी खुर्ची असते, सोबत आलेल्या माणसासाठी. मी ती कॉरिडॉरमध्ये नेऊन ठेवते. सफाईवाले रोज सकाळी ती परत आत आणतात, मी रोज बाहेर नेते. काल एक गृहस्थ गोड इंग्रजीत म्हणाले, “मी फक्त मदतीला आलोय, तिला बोलता येत नाही.”

“येतं,” मी म्हटलं, आणि दार लावून घेतलं.