अठ्ठेचाळिसाव्या वर्षी अलिफ-बे

श्री. अशोकराव तौर यांच्या एकसष्टीनिमित्त निघणाऱ्या ग्रंथात मी लिहावे, असा समितीचा निरोप आला तेव्हा मला संकोच वाटला. गौरव शिष्याने गुरूचा करायचा, ही आपल्याकडची रीत. इथे सगळे उलटे आहे. तौर साहेब माझे विद्यार्थी. रोशन गेटजवळच्या एका उर्दू प्राथमिक शाळेत मी चौतीस वर्षे पहिलीचा वर्ग घेतला, पण माझा सर्वांत हट्टी विद्यार्थी मला निवृत्तीनंतर मिळाला, आणि तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता.

बारा वर्षांपूर्वीची ती दुपार मला स्पष्ट आठवते. दार वाजले. बाहेर इस्त्रीच्या शर्टातले एक उंच गृहस्थ, हातात प्लॅस्टिकची फाइल. माझे यजमान त्यांना वीज मंडळाचे साहेब समजले आणि मीटर दाखवायला उठले. गृहस्थांनी चपला दाराबाहेर काढल्या, नमस्कार केला आणि म्हणाले, "बाई, मला उर्दू शिकायची आहे. पहिलीपासून."

फाइलमध्ये त्यांनी तीन महिन्यांचा छापील आराखडा आणला होता. पहिल्या आठवड्यात अक्षरे, दुसऱ्यात जोडाक्षरे, बाराव्यात जुन्या कागदांचे वाचन. मी तो वाचला आणि मला हसू आवरेना. म्हटले, "साहेब, पहिलीची मुलं आराखडा आणत नाहीत, पाटी आणतात."

दुसऱ्या दिवशी ते खरोखरच पाटी घेऊन आले. शहागंजातल्या तीन दुकानांत विचारून आणली होती.

हळूहळू त्यांची हकीकत समजली. वाळूजच्या एका मोठ्या कारखान्यात ते उत्पादन विभागाचे प्रमुख होते. हाताखाली शेकडो माणसे. कंपनीने त्यांना पुण्याच्या मुख्य कार्यालयात बोलावले, त्यांनी नकार दिला, आणि मुलगी नोकरीला लागलेली, घर स्वतःचे, आता पुरे, असे म्हणून राजीनामा दिला. लोकांनी अभिनंदन केले. पुढे काय झाले ते त्यांच्या पत्नी सुनंदाताईंनी मला सांगितले. साहेब रोज सकाळी साडेसातला तयार होऊन ओसरीत बसत. कंपनीची गाडी येणार नाही हे ठाऊक असून बसत. मग बासरीचा क्लास लावला, तो चाळीस दिवस टिकला. गच्चीवर भाज्या लावल्या. त्या वाढेनात, कारण साहेब रोज त्यांची मुळे उकरून पाहत. शेवटी त्यांनी स्वयंपाकघराकडे मोर्चा वळवला आणि मसाल्याच्या डब्यांवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. तेव्हा सुनंदाताई म्हणाल्या, "अहो, हे माझं घर आहे, तुमचा प्लांट नव्हे."

त्यावर साहेब उठले. गच्चीवर जाऊन बसले. सुनंदाताई म्हणतात, "आपा, सत्तावीस वर्षांच्या संसारात तो माणूस त्या दिवशी मला पहिल्यांदा भ्यालेला दिसला."

त्याच सुमारास पाचोडकडच्या त्यांच्या गावाहून चुलतभावाने जुन्या पत्रांचा एक गठ्ठा पाठवला. घर बांधायला काढले होते; आजोबांच्या हातचे कागद सापडले, ठेवायचे की टाकायचे, असे त्याने विचारले होते. पत्रे उर्दूत होती. निजामाच्या काळात शाळा उर्दू, कचेरी उर्दू. त्यांचे आजोबा गावची दप्तराची कामे करत, त्यांचा हात उर्दूतच बसलेला. पोलीस ॲक्शन झाली, कारभाराची भाषा बदलली आणि दोन पिढ्यांत घरातल्या घरात एक दार बंद झाले. "आजोबांचं अक्षर आहे आणि मी नातू असून अडाणी," असे ते मला म्हणाले. म्हणून उर्दू.

तीन महिन्यांच्या आराखड्याला दीड वर्ष लागले. छापील उर्दू वेगळी आणि कारकुनी हाताची उर्दू वेगळी. घाईघाईत लिहिलेल्या त्या अक्षराला शिकस्ता म्हणतात. त्यात नुक्ते म्हणजे टिंबे कुठे असतात, कुठे नसतात, आणि अक्षरे एकमेकांच्या अंगावर रेललेली. सवयीची माणसेही त्यापुढे हात टेकतात. साहेब चिकटून राहिले. चुकले की मी पाटी पुसायला लावी आणि हा शेकडो माणसांचा साहेब मुकाट्याने पुसत असे.

पहिले अख्खे पत्र त्यांनी माझ्यासमोर वाचले तो दिवस मी विसरणार नाही. आजोबांनी आपल्या भावाला लिहिलेले पत्र होते. बैलाचा पाय, मुलाचा ताप, चष्म्याची काच, अशा गोष्टी झाल्यावर शेवटी चार ओळी होत्या. त्यांचा अर्थ असा, की आता सगळे मराठीतून लिहावे लागते. बोलतो तर जन्मापासून मराठीच, पण हात वळत नाही. रोज संध्याकाळी मुलाच्या शेजारी बसून त्याच्या पाटीवर क, ख गिरवतो. गाव हसते. हसू दे.

तौर साहेबांनी "हसू दे" दोनदा वाचले. मग पत्राची घडी घातली आणि म्हणाले, "बाई, तो मुलगा म्हणजे माझे वडील." पुढचा धडा त्या दिवशी झाला नाही. माझ्या यजमानांनी चहा केला.

इथवर त्यांचे स्वतःचे काम होते. पण गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. पाचोडच्या बाजाराच्या दिवशी एका मित्राच्या बियाण्यांच्या दुकानात ते बसले असताना एक म्हातारी पिशवीतून कागद काढून म्हणाली, "साहेब, तुमाला जुनं वाचता येतं म्हणं. ह्ये जरा बघा." त्यांनी वाचून दाखवले. पुढच्या बाजारी चार माणसे आली. आपल्या भागात घरोघर पत्र्याच्या पेट्यांत असे कागद आहेत. शेताच्या हद्दी, इनामे, वाटण्या, निकाहनामे. मालक रोज ते उशाशी घेऊन निजतो आणि त्यांत काय आहे ते त्याला ठाऊक नाही. साहेब वाचत आणि खाली सुवाच्य मराठीत लिहून देत. लोक कृतज्ञतेने सीताफळे, कणसे, एकदा तर जिवंत कोंबडा देऊन गेले. साहेब माळकरी. कोंबडा आमच्या घरी पोहोचला.

गौरवग्रंथात चुका लिहू नयेत असा संकेत असतो. मी तो मोडणार आहे, कारण तौर साहेब मला सर्वांत मोठे दिसले ते त्यांच्या चुकीच्या दिवशी.

सोयगावकडच्या एका खेड्यातून गफ्फार शाह नावाचे वृद्ध गृहस्थ त्यांच्याकडे कागद घेऊन आले होते. गावाबाहेर फकिराचा तकिया, म्हणजे मुक्कामाची जागा आहे, त्याची देखभाल पिढ्यान्‌पिढ्या या शाह कुटुंबाकडे. शेजारी रामदास नावाच्या शेतकऱ्याचे रान आणि त्यात विहीर. साहेबांनी कागद वाचला : चाह, म्हणजे विहीर, "नज्र तकिया", म्हणजे तकियाला अर्पण केलेली. तसे लिहून दिले. गफ्फार शाह कागद कपाळाला लावून गेले.

दोन महिन्यांनी एका दुपारी साहेब माझ्याकडे आले ते घामाने भिजलेले. त्याच कारकुनाच्या हातचा दुसऱ्या गावाचा कागद त्यांच्याकडे आला होता. दोन्हींच्या छायाप्रती माझ्यासमोर ठेवून ते म्हणाले, "बाई, काही सांगत नाही. हा शब्द वाचा."

मी भिंग घेतले. त्या कारकुनाचा दाल, म्हणजे द, कसा वळतो आणि रे, म्हणजे र, कसा, ते दुसऱ्या कागदात स्वच्छ दिसत होते. मी म्हटले, "नज्द. नज्द तकिया. तकियाजवळची विहीर."

"मी नज्र वाचलं," ते म्हणाले आणि खाली जमिनीवरच बसले.

एका अक्षराची उलटापालट. पण गावात तोवर गफ्फार शाहांचा मुलगा यूसुफ याने विहिरीच्या मोटारीला कुलूप घातले होते. रामदासचा मका उभ्या उभ्या वाळला होता. दोन्ही घरांची बोलचाल बंद, प्रकरण पोलिसांपर्यंत चाललेले. आणि ही चूक आम्हा दोघांशिवाय कोणालाही कळण्याजोगी नव्हती.

साहेब म्हणाले, "कंपनीत असतो तर एक पत्र पाठवलं असतं. 'पुनर्तपासणीत असे आढळले की' वगैरे. पंचवीस वर्षांत एकाही मीटिंगमध्ये माझी चूक झाली असं मी म्हटलेलं नाही, बाई. ते वाक्य तोंडात कसं बसतं तेच ठाऊक नाही."

मी म्हटले, "चला. मी येते बरोबर."

मनात वेगळीही भीती होती. निकाल शाह कुटुंबाच्या विरुद्ध जाणार, आणि तो सांगणारी मी त्यांच्याच समाजातली. पण नज्दला नज्र म्हणायला मी काही मुलांना शिकवले नव्हते.

तकियाच्या चिंचेखाली दोन्ही घरची माणसे जमली. साहेब उभे राहिले. त्यांनी प्रस्तावना केली नाही. "कागद मी चुकीचा वाचला. विहीर तकियाला दिलेली नाही, तकियाजवळची आहे एवढंच त्यात लिहिलंय. तुमचं जे नुकसान झालं ते माझ्यामुळं. गफ्फारभाई, तुमची फजिती झाली तीबी माझ्यामुळं." बोलता बोलता त्यांची कंपनीची भाषा गळून पाचोडची झाली होती.

यूसुफ उसळला. "एका शब्दानं गावात आमची मान वर केली, दुसऱ्या शब्दानं खाली घातली. तिसऱ्यांदा येऊन काय वाचणार?" मी कागद त्याच्या हातात दिला, दोन्ही अक्षरे दाखवली. त्याने पाहिली. पटले असावे, पण तो निघून गेला.

गफ्फार शाह उठून माझ्याजवळ आले. मग मला म्हणाले, "आपा, सच बोलो. नज्दच है?"

"नज्दच है, भाईसाब."

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढून रामदासच्या पुढे धरली. "ले रे. कागज नव्हता तवाबी पानी तो इसीच कुएँ का पी रहे थे हम."

रामदासने किल्ली घेतली नाही. त्याच्या रानाचे नुकसान झाले होते आणि तो रागावलेलाच होता. तो म्हणाला, "किल्ली ऱ्हाऊ द्या चाचा. कुलूपच काढा. पिण्याच्या पाण्याला कवा नाय म्हणलो नव्हतो, आताबी नाय म्हणणार. पर माझा मका गेला, ह्ये मी लई दिस इसरायचो नाय." कुलूप निघाले. त्या हंगामात रामदासच्या रानात पुन्हा पेरणी झाली तेव्हा बी घेऊन तौर साहेब स्वतः बांधावर उभे होते. यूसुफ मात्र आजही त्यांच्याशी बोलत नाही. साहेब म्हणतात, तो त्याचा हक्क आहे.

तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक वाचनात शंकेच्या शब्दाला पेन्सिलीचे वर्तुळ असते आणि तळाशी एक ओळ : हे वाचन आहे, निकाल नव्हे. आणि प्रत्येक कागद दोघांनी वाचल्याशिवाय बाहेर जात नाही. त्यासाठी दुसरी माणसे हवीत, म्हणून त्यांनी आपल्या गॅरेजमधली गाडी रस्त्यावर काढली, आत सतरंजी अंथरली आणि शिकवायला सुरुवात केली. आज तिथे अकरा जण बसतात. त्यांतले तिघे त्यांच्यासारखेच लवकर नोकरी सोडून आलेले. एक बँकेतले गृहस्थ पहिल्या दिवशी म्हणाले, "वेळ कसा घालवावा ते समजत नाही." साहेबांनी त्यांच्या हातात पाटी दिली आणि सांगितले, "वेळ घालवायला येऊ नका. चुकायला या."

माझ्यावरचे त्यांचे उपकार सांगायचे राहिले. माझ्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले तेव्हा यजमान नुकतेच अल्लाहला प्यारे झाले होते. घरात मी आणि सून, आणि वाचायला मनाई. तौर साहेब रोज दहा वाजता येत आणि मला उर्दू वर्तमानपत्र पहिल्या पानापासून वाचून दाखवत. त्यांचा 'क़ाफ़' अजून घशातून निघत नाही. मी डोळ्यांवर पट्टी बांधून पडल्या पडल्या त्यांचे उच्चार सुधारी आणि ते प्रत्येक वेळी "जी, बाई" म्हणून तो शब्द पुन्हा वाचत. पंधरा दिवस एकही खाडा नाही. शोकाच्या त्या दिवसांत मी कोणाला तरी रागावू शकत होते, याचा मला किती आधार होता ते त्यांना कधी सांगितले नाही. आज लिहून सांगते.

सत्काराचा दिवस ठरवताना समितीने शनिवार सुचवला होता. सभागृह मोकळे होते, पाहुण्यांची सोय होती. साहेबांचा लगेच निरोप आला, "शनिवार नको, शनिवारी माणसं कागद घेऊन येतात." म्हणून हा समारंभ रविवारी होत आहे. मी वयाने मोठी असल्याने आशीर्वाद देण्याचा मला हक्क आहे. अल्लाह तौर साहेबांची नजर तीक्ष्ण ठेवो, गुडघे शाबूत ठेवो, सुनंदाताईंची साथ अखंड राहो, आणि त्यांच्या आयुष्यात अजून पुष्कळ, पुष्कळ शनिवार येवोत.