भिंतीपलीकडची एफी

शिकागोच्या दक्षिण भागातल्या शाळेत व्हर्नेल टिब्स बावीस वर्षं चौथीला शिकवत होती. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांतून काळी कुटुंबं उत्तरेत कशी आली, हे ती नकाशा टांगून, सालं पाठ करून घेऊन शिकवायची. शेजारच्या वर्गावर रोझलिंड आस्क्यू ही नवी तरुण शिक्षिका आली आणि तिनं मुलांसाठी स्वतःच एक गोष्ट रचली. मिसिसिपीतून आईबापाबरोबर शिकागोला येणाऱ्या एफी नावाच्या मुलीची. रोज एक प्रकरण. व्हर्नेलच्या वर्गातली मुलं भिंतीला कान लावून बसायची.

"पुढे एफीचं काय झालं, बाई?" एकीनं विचारलं.

"अशी कुणी मुलगीच नव्हती. वही काढ," व्हर्नेल म्हणाली, आणि दिवसभर स्वतःवरच चिडून राहिली.

रोझलिंडच्या कागदांची एक प्रत शिक्षकांच्या खोलीत असायची. व्हर्नेलनं चुका शोधायला म्हणून ती वाचली. एक सापडली. एफीचं कुटुंब आगगाडीच्या उपाहारगृहाच्या डब्यात बसून सूप पीत होतं.

"अगं, तिथं आपल्या काळ्या लोकांना पाय ठेवू देत होते का?" ती सगळ्यांसमोर म्हणाली. "माझी आई एकोणीसशे तेवीस साली आली. आजीनं तळलेली कोंबडी बुटांच्या खोक्यात बांधून दिली होती. गोष्टी लिहायच्या तर आधी माहिती काढावी."

रोझलिंडचा चेहरा उतरला. "आमच्या घरी यावर कुणी बोलतच नाही, टिब्सबाई. विचारलं की आई भांडी घासायला उठते. तुम्ही मुलांना सांगाल?"

नाही म्हणायचं व्हर्नेलच्या अगदी ओठावर आलं होतं. पण त्या वर्गात उभं राहायची हौसही होतीच. ती गेली. खोक्याबद्दल सांगितलं. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "तुमची आई रडली का?"

व्हर्नेलनं तो प्रश्न घरी नेला.

संध्याकाळी तिनं आईला विचारलं. म्हातारी म्हणाली, "माझी धाकटी बहीण लूला तापानं फणफणली होती. तिला मावशीकडे ठेवून निघालो. परत भेट झाली नाही. गाडी सुटली तेव्हा मी कोंबडी खात होते."

दुसऱ्या दिवशी व्हर्नेलनं हे दोन्ही वर्गांना सांगितलं.

रोझलिंडनं व्हर्नेलला विचारून आगगाडीचं ते प्रकरण नव्यानं लिहिलं. आता एफीला लूला नावाची बहीण आहे. मुलं अजून रोझलिंडच्याच गोष्टीसाठी हट्ट धरतात. व्हर्नेलच्या पोटात दुखतंच. मात्र दर रविवारी ती वही घेऊन आईजवळ बसते, आई सांगेल ते उतरवून घेते, आणि त्या वहीबद्दल रोझलिंडला अजून काही बोललेली नाही.