विहिणी, पाणी आणि रेग्युलेटर

माझी साठी झाली तेव्हा मुलीने आणि जावयाने आम्हा दोघी विहिणींना तारकर्लीला नेऊन समुद्राखाली उतरवायचं ठरवलं. मला वाटलं, विहीणबाई नाही म्हणतील. त्यांना वाटलं, मी म्हणेन. दोघीही एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो आणि तेवढ्यात बुकिंग होऊन गेलं.

विहीणबाई देवळाली कॅम्पात राहतात. त्यांचे यजमान तोफखान्यात होते. बदलीच्या गावी पुन्हापुन्हा संसार मांडून कुठलीही वस्तू आधी उलटीपालटी करून बघायची त्यांना सवय लागली आहे. गॅसचं सिलिंडर बदललं की त्या जोडावर साबणाचा फेस लावतात. बुडबुडा दिसला की सिलिंडरवाल्याची धडगत नसते.

समुद्राआधी सराव हवा म्हणून जावयाने गंगापूर रोडकडच्या एका स्विमिंग पुलावर शिकवणी लावली. शिकवणारे सर नौदलातून निवृत्त झालेले. काठावर टाकी आणि नळ्या मांडून ते म्हणाले, "हा रेग्युलेटर."

"आमच्याकडे गॅसचा असतो," मी म्हणाले.

"काम साधारण तेच, ताई. टाकीत हवा प्रचंड दाबाने भरलेली असते. हा टाकीवरचा भाग तो दाब कमी करतो. हा दुसरा तोंडात धरायचा. श्वास ओढला की आतला व्हॉल्व्ह उघडतो, थांबलात की मिटतो."

विहीणबाईंनी चष्मा सावरला. "आणि उघडलाच नाही तर?"

"बिघडला तर शक्यतो उघडाच राहील, अशीच त्याची रचना असते. हवा बंद पडण्यापेक्षा जास्त आलेली बरी."

"बरं. हा खोलून शेवटचा कधी साफ केला होता?"

सर खाली वाकून कसलासा पट्टा आवळायला लागले. "होतं की वेळच्या वेळी."

"वेळच्या वेळी म्हणजे?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरांनी एवढ्या हौसेनं आणलंय आणि ह्यांची झडती सुरू. मी हळूच म्हटलं, "अहो, ते सरकारी नोकरीत होते."

"म्हणूनच विचारतेय," त्या म्हणाल्या.

मग सूट चढवले. आजवर आम्ही एकमेकींना इस्त्रीच्या साडीतच पाहिलेलं. आता दोघी अंगाला चिकटलेल्या काळ्या रबरात समोरासमोर. "छान दिसतंय हो तुम्हाला," आम्ही एकमेकींना सांगितलं. विहिणींना एवढं खोटं बोलावंच लागतं.

खोल भागात तळाशी गुडघे टेकून बसलो तेव्हा मात्र मजा वाटली. नुसता आपल्याच श्वासाचा आवाज. मी विहीणबाईंना हात करणार, एवढ्यात तोंडातल्या रेग्युलेटरने एकदम भसाभस हवा सोडायला सुरुवात केली. गाल फुगले, डोळ्यांपुढे पांढरा फेस, कानात प्रेशर कुकरची न थांबणारी शिट्टी. सरांनी दंड पकडला, माझ्या तोंडात स्वतःजवळचा जादा रेग्युलेटर दिला आणि मला सावकाश वर न्यायला लागले. माझ्या दुसऱ्या हाताला विहीणबाई लटकल्या होत्या आणि त्यांना सावकाश हा शब्द मंजूर नव्हता. वर येताना श्वास रोखू नका, असं सरांनी बजावलं होतं. ती काळजीच नव्हती. मी सबंध वेळ किंचाळत होते.

काठावर आलो तरी माझा रेग्युलेटर फुसफुसत होताच. सरांनी टाकी बंद केली, हत्यारं आणली आणि टाकीवरचा भाग तिथेच खोलला. आत धातूवर हिरवट थर होता. व्हॉल्व्ह जिच्यावर टेकतो ती नखाएवढी चकती झिजून तिला खाच पडली होती.

"दाब अडत नव्हता, सगळी हवा पुढे येत होती," सर म्हणाले. मग हातातलं हत्यार खाली ठेवून, "माझं चुकलं. समुद्राचे सेट पावसाळ्यात सर्व्हिसिंगला पाठवले. हा काय, पुलातच वापरायचा, म्हणून राहिला."

आता विहीणबाई त्यांना सोलून काढणार असं मला वाटलं. पण त्या माझ्याशेजारी मटकन बसल्या. त्यांनी थर्मासातला चहा ओतला, तो निम्मा फरशीवर गेला.

"मला तुमचा चेहराच दिसेना हो," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मग मीही रडले. जावई टॉवेल घेऊन दोघींच्या मध्ये नुसता उभा.

सरांनी त्या दिवशीचे सगळे वर्ग रद्द केले आणि पुलावरचे झाडून सगळे सेट मुंबईला धाडले. ते परत आल्यावर त्यांनी स्वतः फोन केला. जाऊ नये असं दोघींनाही वाटत होतं, पण दोघीही गेलो आणि सराव पुरा केला.

तारकर्लीला पाण्याखाली पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा एक थवाच्या थवा आमच्या नाकासमोरून गेला. विहीणबाईंनी माझं मनगट असं धरलं होतं की वळ उठले. खाली त्या अगदी खूश होत्या. होडीत चढल्यावर मात्र त्यांना बोट लागली. त्या कठड्यावरून ओकत होत्या, मी त्यांची पाठ चोळत होते आणि नेमका तेव्हाच जावयाने फोटो काढला. त्यात आमच्या फक्त पाठी दिसतात. मुलीने तोच मोठा करून दोन्ही घरी पाठवला आहे.