जांभळ्या दिव्याखालची हळद

बेळगावजवळच्या मच्छेतल्या माझ्या कारखान्यात पूर्वी यंत्रमागाचे सुटे भाग बनत. वडगावचे मागवाले दाराशी उभे राहून भाव पाडायचे. घासाघीस मी तिथेच शिकलो. तिथून हेलिकॉप्टरच्या पिनेपर्यंत स्वतःच्या हिमतीवर आलो आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही.

लष्करासाठी माल वाहणारं नवं हेलिकॉप्टर तयार होत होतं. त्याच्या पोटाखाली हुक असतो. रस्ता नसलेल्या डोंगरावरच्या चौकीला तोफ, जीप, इंधनाची पिंपं त्याला टांगून नेतात. तो हुक धरून ठेवणारी पोलादी पिन माझी. आराखडा बदलला की नवा नमुना मीच करून द्यायचो. काम जमल्यावर मात्र मोठी ऑर्डर दुसऱ्या कारखान्याला गेली. माझ्या वाट्याला फक्त चाचणीच्या हेलिकॉप्टरापुरत्या पिना उरल्या. तो राग अजून जिरलेला नाही. या पिना पास झाल्या तरच पुढचं काम मागायला मला तोंड राहणार होतं.

हेलिकॉप्टर बनवणाऱ्या कंपनीकडून तपासणीचे साहेब दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आले. मूळचे धारवाडकडचे, मराठी चांगलं बोलायचे. तपासणीसाठी आम्ही एक खोली काळे पडदे लावून अंधारी केली होती. तिथे पिनेवर एक द्रावण ओततात आणि ती जांभळ्या दिव्याखाली धरतात. तडा असेल तिथे हिरवट-पिवळी रेघ पेटते.

पहिल्याच पिनेला, भोकाच्या कडेला, रेघ पेटली. दुसरीलाही तिथेच.

"मालक, क्रॅक आहे. सगळा लॉट बाद."

"साहेब, माझ्या पोलादाला तडा? पुन्हा बघा."

"हा यंत्रमाग नव्हे, मालक. हिच्याखाली तोफ लटकणार."

माझं डोकं फिरलं. मागाच्या भागांवर पोट भरलंय म्हणून मला टोमणे ऐकवायचे नाहीत, असं म्हणत मी त्यांच्यापुढे हात नाचवला, आणि मधेच थांबलो. माझ्या मनगटावरचा दोराही तस्साच पेटला होता. तोच हिरवट-पिवळा रंग.

साहेब दोऱ्याकडे बघत राहिले. "तुमच्या हातालाही क्रॅक आहे काय?"

खंडेनवमीला आमच्याकडे लेथपासून पान्यापर्यंत सगळं पुजतात. तो दोरा बायकोने हळदीत भिजवून बांधला होता. मी तिथूनच घरी फोन लावला.

"पूजेला पिनांना हळद लावलीस?"

"लावली की. समद्यांना."

"कुठं लावलीस?"

"भोकापाशी. तुम्हीच म्हणालता, तिथं लई जपाय लागतंय. म्हणून तिथंच बोट लावलं."

पिना आम्ही धुतल्या होत्या, पण तेलात बसलेली हळद भोकात तशीच राहिली होती. आता माझ्या अंगात वारं शिरलं. मी सौदा मांडला. "साहेब, तुमच्यासमोर थिनरने धुतो. परत रेघ दिसली तर घण घेऊन सगळ्या पिना मी स्वतः ठेचतो. नाही दिसली तर आजच्या आज सही."

"आणि तो दोरा?"

"तो बाहेर काढून ठेवतो."

भोकांत ब्रश घालून घालून पिना धुतल्या. पुन्हा द्रावण ओतून एकेक पिन दिव्याखाली गेली आणि काळीच राहिली. शेवटची ठेवताना साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपाळावरचं गंधही पुसून टाकलं होतं. त्यांनी सही केली.

पुढे सरावासाठी तेच हेलिकॉप्टर बेळगावात आलं. मला बोलावणं नव्हतंच. मी आणि बायको कंग्राळीच्या शिवारात जाऊन उभे राहिलो. आधी नुसता धडधडाट आला, ऊस आडवा व्हायला लागला. मग ते वर चढलं आणि त्याच्या पोटाखाली अख्खी तोफ. माझ्या पिनेवर. मी पोरासारखा बांधावरून पळत सुटलो.

"अवो, आपली पिन कुठं हाय?" ती मागून ओरडत होती.

"हुकाच्या वर. हितनं दिसत न्हाय."

ती तिकडे बघून हात जोडत होती, तेवढ्यात मी साहेबांना फोन लावला. मोठ्या ऑर्डरीचं बोलायला कधी येऊ, विचारलं.

"काय? आवाज फार आहे तिकडे, मालक. काही ऐकू येत नाही."

"मग तेच ऐका," म्हणालो आणि फोन आभाळाकडे धरला.