घरात पाणी कोण भरतं?

"हे आजचं नाही. किती वर्षं झाली?" तपासणी उरकून हात धुता धुता डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी चार सांगितली. खरं तर सहा झाली होती. धाकट्याच्या बाळंतपणापासून अंग खाली येत होतं आणि मी ते आत सारून कामाला लागत होते.

त्यांनी कागदावर प्रोलॅप्स असं लिहिलं. म्हणजे गर्भाशयाला धरून ठेवणारे स्नायू सैल पडतात आणि पिशवी खाली उतरते. आपल्याकडे बायका त्याला अंग बाहेर येणं म्हणतात, तेही एकमेकींच्या कानात. कुणी हे अंगावर काढत असेल तर काढू नका, एवढ्यासाठी हे लिहिते आहे. लाजेपायी मी सहा वर्षं धड मांडी घालून बसले नाही.

मग त्यांनी विचारलं, घरात पाणी कोण भरतं? मीच, म्हणाले. बाळंतपणानंतर कधीपासून? बारशाच्या दुसऱ्या दिवसापासून. बाईंनी तेही कागदावर लिहिलं.

लातूर जिल्हा झाला, यांना नव्या कचेरीत कारकुनी मिळाली आणि आम्ही रेणापूरहून इथं आलो. कचेरी नवी, पाटी नवी. पाणी तेवढं नव्हतं. पुढं दुष्काळात नळ कोरडे पडले आणि वस्तीच्या तोंडाशी टँकर येऊ लागला. तिथून घरापर्यंत रोजच्या दहा घागरी.

लग्न नवं असताना रेणापूरला एकदा यांनी आपणहून घागर उचलली होती. आडावरच्या बायका हसल्या. मीच धावत जाऊन यांच्या हातातून ती काढून घेतली. बाप्या माणसाला हे शोभत नाही, असं मीच म्हणाले. ते वाक्य यांना आयुष्यभर पुरलं.

ऑपरेशन लगेच झालं नाही. हिमोग्लोबिन, म्हणजे रक्ताचा कस, कमी निघाला. दोन आठवडे गोळ्या खाल्ल्या, सरकारी दवाखान्याच्या बाकावर नंबर लावून बसले, पुन्हा रक्त तपासायला दिलं. मग व्हजायनल हिस्टरेक्टॉमी झाली, म्हणजे पोट न फाडता खालच्या वाटेनं पिशवी काढली. वाटलं होतं त्यापेक्षा सोसवलं.

घरी सोडताना बाईंनी यांना समोर उभं केलं. "तीन महिने भरलेली कळशीसुद्धा उचलायची नाही. आतले टाके तुटले तर पुन्हा हेच होईल. पाणी कोण भरणार?"

"मी भरतो," हे म्हणाले. मला भरून आलं.

धाकटा आजोळी होता. घरात आम्ही दोघं आणि अकरा वर्षांची सुमन. मी आतल्या खोलीत पडून असायचे. सकाळी यांचं खाकरणं ऐकू यायचं, मग रांजणात पाणी पडल्याचा आवाज. थोड्या वेळानं पुन्हा खाकरणं, पुन्हा पाणी. पडल्या पडल्या मी देवाचे आभार मानायचे. भेटायला येणाऱ्या बायकांना मोठ्या तोऱ्यात सांगायचे, आमच्याकडं पाणी हे भरतात. एक-दोघींनी नजर खाली घातली, ती मला तेव्हा कळली नाही.

तिसऱ्या आठवड्यात बरं वाटलं म्हणून भिंतीला धरून दारापर्यंत गेले. हे उंबऱ्याच्या आत पाटावर बसून पेपर वाचत होते. समोरून सुमन येत होती. डोक्यावर माझ्या जुन्या लुगड्याची चुंबळ, चुंबळीवर माझीच घागर. ती उंबऱ्याशी थांबली. यांनी पेपर बाजूला ठेवला, खाकरून घागर घेतली आणि आत येऊन रांजणात ओतली. उंबऱ्याबाहेर मात्र पाऊल टाकलं नाही.

मला दारात बघून सुमन रडायला लागली.

"बाबा म्हनले, आईला सांगू नको. तिला कळलं की ती उठंल, अन् टाके तुटतील."

शाळा? पाणी भरून होईस्तोवर शाळेची वेळ टळायची. तीन आठवडे पोर घरीच होती आणि मला अभ्यासाचं खोटं सांगत होती. यांना विचारलं तर म्हणाले, "टँकरवर हापिसातल्यांच्या बायका असत्यात. मी घागर घेऊन हुबा राहिलो तर काय तोंड दाखवू? अन् आत तर मीच ओततो की." अगदी शांतपणे म्हणाले. ऑपरेशनच्या वेळी भूल दिली होती. इथं जागेपणी फसवलं होतं, आणि माझ्याच दुखण्याची भीती घालून लेकराचं तोंड बंद केलं होतं.

फेरतपासणीला मी यांच्याबरोबर सुमनलाही नेलं. बाईंनी टाके बघितले, छान भरताहेत म्हणाल्या. मग रांगेतल्या बायकांना यांच्याकडे बोट दाखवून सांगितलं, नवरा असावा तर असा, पाणी भरतो. हे कॉलर सारखी करत हसले.

"पाणी ही भरते, डॉक्टर," मी सुमनला पुढं केलं.

बाईंनी तिचं डोकं वाकवून पाहिलं. टाळूवरचे केस घासून विरळ झाले होते. त्यांनी सुमनच्या नावाचा वेगळा केसपेपर काढला, दोन ओळी लिहिल्या आणि यांच्या हातात दिला. "मोठ्यानं वाचा."

दिवसभर लोकांचे कागद वाचणारा माणूस अडखळत वाचू लागला. "वजन उचलायचं नाही. पाणी वडिलांनी आणावं."

दुसऱ्या दिवशी हे टँकरवर गेले. बायका हसल्या, ते मला घरात ऐकू आलं. खांद्यावर घागर, अर्धा सदरा भिजलेला, असे आले आणि उंबऱ्याशी थांबून माझ्याकडे बघत राहिले. सवयीनं माझा हात पुढं गेला. तो मी मागं घेतला.

आज माझी तब्येत ठणठणीत आहे. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही आणि सुमनचे तर फिटणारच नाहीत. यांच्यावरचा विश्वास काही पहिल्यासारखा बसला नाही. आजही रांजणात पाणी पडल्याचा आवाज आला की मी हातातलं काम टाकते आणि दाराशी जाऊन बघते.